नागपुरातील एका लोकनिधीचा वर्षभराचा अनुभव

पांढराबोडी परिसरातील घरकाम करणाऱ्या महिलांच्या आमच्या गटाने गेल्या वर्षी शहरातील एका लोकनिधीकडे 40,000 रुपयांसाठी अर्ज केला. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, दुकानदार आणि वस्त्यांमधील रहिवासी यांच्या मासिक वर्गणीवर हा निधी चालतो आणि नोंदणी नसलेल्या लहान गटांनाही संघटना बांधण्यासाठी पैसे देतो.

असा पैसा इतरत्र मिळणे फार अवघड आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करतात, परंतु ती बहुधा शाळा, आरोग्य तपासणी अशा मोजून दाखवता येणाऱ्या कामांकडे वळते. तर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्याची वाट 2020 च्या कायदादुरुस्तीने बंद झाली. नागपुरात भीमजयंतीची वर्गणी आजही घरोघरी फिरून गोळा होते, मात्र संघटनेच्या वर्षभराच्या कामासाठी पावती फाडणारे क्वचितच भेटतात.

आमच्या अर्जातील सर्वांत मोठी रक्कम खाड्यांची, म्हणजे बुडालेल्या रोजीची होती. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या 2008 च्या कायद्याखाली नोंदणी करायची, तर कामगार कार्यालयात दिवस मोडतो, चार घरांची कामे बुडतात आणि महिनाअखेरीस पगार कापला जातो. यापूर्वी जिथे जिथे अर्ज केला, तिथे ही बाब खोडण्यात आली होती; या निधीने ती पूर्ण मंजूर केली, आणि वर्षअखेरीस आमच्यापैकी 38 जणींची नोंदणी झाली, ती केवळ त्यामुळेच.

निवडीची पद्धत मला विशेष भावली. समाजमंदिरात सहा गटांचे अर्ज मोठ्याने वाचले गेले, प्रत्येक अर्जासमोर स्टीलचा एक डबा ठेवला होता आणि वर्गणी 20 रुपये असो वा 5,000, प्रत्येकाच्या हाती एकच चिठ्ठी होती. भाजी विकणाऱ्या एका मावशींनी आम्हाला विचारले, ‘‘हे पैसे संपल्यावर गट टिकेल का?’’ आजवर एकाही देणगीदाराने हा प्रश्न केला नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही दरमहा 10 रुपयांची स्वतःची वर्गणी सुरू केली.

तक्रारीही आहेत. दुसरा हप्ता दोन महिने उशिरा आल्याने बैठकीच्या खोलीचे भाडे उसनवारीवर द्यावे लागले. सुरुवातीला ऑटोच्या प्रत्येक फेरीची पावती मागितली गेली, जी कोणताही ऑटोचालक देत नाही. बऱ्याच चर्चेनंतर सह्यांची वही ग्राह्य धरण्यात आली. हा नियम अर्जातच लिहून ठेवायला हवा.

इमारत किंवा संगणक हवे असतील, तर येथे जाऊ नये, तेवढी रक्कम निधीकडे नसते. बैठका, प्रवास आणि बुडालेली रोजी यांसाठी मात्र जरूर अर्ज करावा. हाताने लिहिलेला मराठी अर्ज चालतो, परंतु गटातील किमान दोन महिलांनी सभेत स्वतः उभे राहून बोलणे आवश्यक असते.