घरच्या फोटोंचे व्हिडिओ आणि शॉटकट: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या जुन्या-नव्या फोटोंचे व्हिडिओ करायला गेले काही महिने मी शॉटकट हा कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ एडिटर वापरतेय. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि तयार व्हिडिओवर कसलाही वॉटरमार्क (प्रोग्रामच्या नावाचा ठसा) उमटत नाही. मोफत असण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा, कारण याआधीच्या एका अ‍ॅपने सगळं काम करू दिलं आणि व्हिडिओ सेव्ह करायच्या वेळी वर्गणी मागितली. विंडोजचा मूव्ही मेकर २००० साली आला आणि जानेवारी २०१७ मध्ये बंद झाला. त्याच्यावर हात बसलेल्या ज्यांना अजून दुसरं काही रुचलेलं नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय.

आधी निकाल सांगते: घरच्या व्हिडिओसाठी शॉटकट पुरून उरतं. त्यात तयार टेम्प्लेट नाहीत. फोटो टाकले, बटण दाबलं आणि नाचता-गाता व्हिडिओ मिळाला असं हवं असेल तर फोनवरची अ‍ॅप बरी. पण कुठला फोटो किती वेळ दिसावा, नजर कुठून कुठे जावी आणि खाली कोणाचा आवाज असावा हे स्वतः ठरवायचं असेल, तर इथे कशालाच आडकाठी नाही.

सुरुवातीला सगळ्यात जास्त कामाला येतो तो स्लाइडशो जनरेटर. फोटो प्लेलिस्टमध्ये टाकायचे, निवडायचे आणि स्लाइडशोत घालायचा पर्याय घ्यायचा. प्रत्येक फोटो किती सेकंद, दोन फोटोंमधलं ट्रान्झिशन (एक फोटो जाऊन दुसरा येण्याचा बदल) किती सेकंद, झूम किती टक्के हे तो विचारतो आणि सगळे फोटो ओळीने टाइमलाइनवर, म्हणजे व्हिडिओच्या वेळेच्या पट्टीवर, मांडून देतो. मात्र हिशेब आपण करावा. २०० फोटो प्रत्येकी ५ सेकंद म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. घरचेसुद्धा इतका वेळ सलग बघत नाहीत. शिवाय ट्रान्झिशन फोटोच्याच वेळातून कापलं जातं. ५ सेकंदांच्या फोटोला दोन्ही बाजूंनी एकेक सेकंद गेलं की तो स्वच्छ दिसतो फक्त ३ सेकंद. एकट्या माणसाच्या फोटोला ते चालतं. पंधरा-वीस जणांच्या ग्रुप फोटोत मात्र तेवढ्यात डोळे दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाहीत. अशा फोटोंना मी आठ-दहा सेकंद देते आणि एकसारखे दिसणारे चार फोटो असतील तर तीन बिनधास्त गाळते.

फोटोंचा आकार हा दुसरा त्रासाचा भाग. पडदा १६:९, फोनचे फोटो बहुतेक ४:३, त्यात उभे फोटो वेगळेच. पडदा भरण्यासाठी फोटो कापला की ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी जातात, म्हणून मी माणसांचे फोटो कधीच कापत नाही. ‘ब्लर: पॅड’ नावाचा फिल्टर आहे, तो रिकाम्या काळ्या पट्ट्यांच्या जागी त्याच फोटोची धूसर छटा भरतो. उभ्या फोटोंना तो छान दिसतो.

झूम किती करता येईल हे फोटोच्या पिक्सेलवर ठरतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो आणि फुल एचडी व्हिडिओ १९२० बाय १०८०. म्हणजे जवळजवळ दुप्पट जवळ गेलं तरी चेहरा फुटत नाही. जुने छापील फोटो स्कॅन करताना मी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवते. ४ बाय ६ इंचांच्या फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि मग हवा तो चेहरा जवळ आणता येतो. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा आलेला फोटो मात्र आक्रसून येतो. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ एवढं सांगितलं की मूळ फाइल मिळते. स्कॅन केलेल्या फोटोला तारीख स्कॅनची चिकटते, त्यामुळे तारखेनुसार लावलं की आजोबांचं बालपण नातवाच्या बारशानंतर येतं. मी फाइलच्या नावातच आधी वर्ष घालते, १९७८-०१, १९७८-०२ असं, आणि नावानुसार क्रम लावते.

मराठी अक्षरांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बऱ्याच एडिटरमध्ये इथेच घोडं अडतं. देवनागरी नीट जुळवता न येणाऱ्या प्रोग्रामात ‘श्री’चा श पाय मोडून वेगळा पडतो आणि ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते. शॉटकटच्या ‘टेक्स्ट: सिंपल’ फिल्टरमध्ये युनिकोड मराठी मला नीट मिळालं, जोडाक्षरांसकट. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट वापरते, टीव्हीवर लांबूनही वाचता येतात. नाव फोटोच्या अगदी कडेला लिहू नका. काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात आणि आडनाव अर्धं जातं. एखाद्या प्रोग्रामात अक्षरं तुटतच असतील तर मजकूर दुसरीकडे लिहून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रासारखा वरच्या ट्रॅकवर ठेवावा, तो कुठेच तुटत नाही.

आता आवाज. माझ्या मते घरचा व्हिडिओ आवाजाने उभा राहतो आणि नेमका त्याकडेच बहुतेकांचा काणाडोळा होतो. गाणं लावलं की झालं, असं वाटतं. मी आजीच्या हातात फोटो दिले, फोन जवळ ठेवून रेकॉर्डर चालू केला, पंखा बंद केला आणि फक्त विचारत गेले. एका ग्रुप फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, “हा कोपऱ्यातला, खांबाला टेकलेला, तुझा मोठा काका. नवी चप्पल चावत होती म्हणून तोंड वाकडं.” टाइमलाइनवर मी आधी हा आवाज ठेवला आणि फोटो त्यावर बसवले. ‘साइझ, पोझिशन अँड रोटेट’ फिल्टरमध्ये दोन कीफ्रेम (कुठल्या क्षणी चित्र कसं दिसावं याच्या खुणा) दिल्या: ती ‘हा कोपऱ्यातला’ म्हणते तिथे सगळा ग्रुप, ‘तोंड वाकडं’ येईपर्यंत काकाचा चेहरा. तो फोटो आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलाय, पण काकाचं तोंड कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

यासाठी दोन ऑडिओ ट्रॅक लागतात, एक आवाजाचा, एक संगीताचा. बोलणं चालू असताना संगीत मी १८ ते २० डेसिबलने खाली आणते. लांबलेलं बोलणं ‘एस’ ही कळ दाबून तिथल्या तिथे तोडता येतं. पण तिचे सगळे थांबे काढू नका. नाव आठवताना ती जेवढी थांबते तेवढा वेळ फोटो बघायला मिळतो.

एक्सपोर्टला फार डोकं लावायची गरज नाही. फाइल एमपी४, चित्र दाबून लहान करण्याची पद्धत एच.२६४, ऑडिओची एएसी. एच.२६५ने फाइल लहान होते, पण जुने टीव्ही ती पेनड्राइव्हवरून वाजवतीलच असं नाही. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर १० मिनिटांचा व्हिडिओ साधारण ६०० एमबी होतो.

प्रोजेक्टची एमएलटी फाइल मात्र नीट समजून घ्या. तिच्यात फोटो नसतात, फक्त ते कुठे ठेवलेत याचा पत्ता असतो. फोटोंचं फोल्डर हलवलं की शॉटकट फाइल सापडत नाहीत म्हणून यादी दाखवतं. नवी जागा दाखवता येते, पण ती वेळ येऊच नये. मी प्रत्येक व्हिडिओचं एकच फोल्डर करते, त्यात मूळ फोटो, आवाजाच्या फाइल, संगीत आणि एमएलटी, आणि ते आख्खं दुसऱ्या हार्ड डिस्कवरही ठेवते. व्हिडिओ दाखवला की कोणीतरी म्हणतंच, “अरे, त्या दिवसाचा एक फोटो आमच्याकडेही आहे.” मग तो तिथेच टाकून पुन्हा एक्सपोर्ट करता येतो.