मूठभर तांदळाचा डबा आणि आठवड्याचा तक्ता : आठ महिने वापरून झाल्यावर

वापराचा काळ जून ते जानेवारी. घरात चार माणसं, त्यातलं एक शाळकरी. सामान म्हणाल तर तीन लिटरचा रुंद तोंडाचा स्टीलचा डबा, त्याच्या झाकणावर चिकटवलेला एक कागद आणि फ्रीजच्या दारावर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता. डबा घरातलाच असल्यामुळे खर्च शून्य.

पद्धत मिझोरामची. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या (मंडळी म्हणजे चर्चची सभासद मंडळी) बायकांनी १९१० मध्ये 'बुहफाइ थाम' सुरू केलं. बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. दर वेळी भात रांधायच्या आधी एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायची, मंडळीतल्या बायका घरोघरी फिरून ती गोळा करणार, विकणार आणि पैसा मिशनच्या कामाला जाणार. शंभरावर वर्षं हे चालू आहे आणि त्यातून मिझोरामबाहेरच्या सेवाकार्यालाही हातभार लागतो. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड काढला तो हाच, आणि विनोबांच्या सर्वोदय पात्रात तर मूठ घरातल्या लहान मुलाची असायची. त्यामुळे आमच्या मंडळीत हा विषय काढला की म्हातारी माणसं लगेच मान डोलावतात. तरुण घरांत मात्र पहिला प्रश्न येतो : महिन्याला शंभर रुपये सरळ यूपीआयने पाठवले तर काय बिघडलं?

काहीच बिघडत नाही. नुसता पैसा द्यायचा असेल तर हा डबा घेऊच नका. आठ महिन्यांत आमच्या घरातून तांदूळ गेला साधारण साडेआठ किलो आणि गहू सहा किलो. तांदूळ साठ रुपये आणि गहू चाळीस रुपये किलो धरला तर साडेसातशे रुपये होतात. एवढ्यासाठी रोज आठवण ठेवायची म्हणजे महागडा सौदा. पण या डब्यामुळे घरातला शिळा भात जवळजवळ संपला, आणि तो संपला तक्त्यामुळे. तक्त्याशिवाय डबा दोन महिन्यांत कोपऱ्यात जातो, असं मंडळीतल्या बऱ्याच घरांत दिसलं.

मूठ काढायची जागा ही यातली खरी मेख. पोत्यातून किंवा कोठीतून वेगळी मूठ काढली तर तो निव्वळ जादा खर्च होतो, जेवणात काही बदलत नाही. मूठ काढायची ती मापून घेतलेल्या तांदळातून, धुण्याआधी. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत कोलम तांदूळ साधारण सव्वाशे ग्रॅम बसतो. चार माणसांना रात्री पोळीबरोबर दीड वाटी पुरते, म्हणजे १८५ ग्रॅम. मोठ्या माणसाची मिटलेली मूठ तीस ग्रॅमच्या आसपास भरते, लहान मुलाची पंधरा ते अठरा. दीड वाटीतून तीस ग्रॅम गेले की सहावा हिस्सा कमी झाला, आणि तो ताटात जाणवतो. पहिल्या पंधरवड्यात रोज एक पोळी जास्त लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर ध्यानात आलं की पातेल्यात रोज उरणारा भात तेवढाच होता. दोघांचंच घर असेल आणि एक वाटी लावत असाल तर मोठी मूठ काढू नका, लहान मुलाची मूठ पुरे. एकट्या माणसानं रोजची भानगड न करता आठवड्यातून एकदा काढावी.

मूठ काढल्यावर पाणी कमी करायला विसरलं की भात गिचका होतो. पहिल्या आठवड्यात हमखास होणारी चूक हीच. दीड वाटीचं पाणी हाताच्या सवयीनं ओतलं जातं आणि तांदूळ असतो सव्वा वाटी. जुन्या कोलमला अडीचपट आणि नव्याला दुप्पट पाणी धरत असाल तर हिशेब सव्वा वाटीवर करा. तांदळावर बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी घालणाऱ्यांना ही अडचण येत नाही, त्यांचं माप आपोआप जुळतं.

डबा कुठे ठेवायचा यावर बरंच काही ठरतं. ओट्यावर ठेवला तर त्यावर बरण्या येऊन बसतात. फळीवर ठेवला तर दिसत नाही. सगळ्यात कामाला आलेली जागा म्हणजे तांदळाच्या कोठीच्या आत, तांदळावरच. डबा उचलल्याशिवाय तांदूळ काढताच येत नाही, मग विसरायचा प्रश्न उरत नाही. रविवारची मूठ मात्र तरीही राहायची, कारण उपासनेहून आल्यावर जो आधी स्वयंपाकघरात शिरेल तो कुकर लावतो. शेवटी शनिवारी रात्रीच दोन मुठी काढायच्या असं ठरवलं. नाताळच्या आठवड्यात सगळं कोलमडलं. करंज्या, शंकरपाळ्या, पाहुणे, पुलाव किलोच्या हिशेबात. पुलावाचा बासमती डब्यात टाकूही नका, कारण पुढे येतं.

कोरडा हात! डब्याशेजारी फडकं ठेवा, हवं तर लहान चमचा ठेवा, पण ओल्या हाताची मूठ नको. जुलैत चार-पाच वेळा तसं झालं आणि वरच्या थराला गोळे धरून वास यायला लागला. तो तांदूळ टाकावा लागला, साधारण पाव किलो. दुसरा शत्रू सोंडे. पावसाळ्यात डब्यात तांदूळ पाच-सहा आठवडे राहिला की सोंडे दिसतात, मागोमाग जाळी. डबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिकामा करायचा, पूर्ण. तळाशी राहिलेल्या मूठभरावर नवा तांदूळ टाकला की कीड पुढच्या महिन्यात जाते. रिकामा डबा पुसून, उन्हात ठेवून मगच परत. डबा उन्हात चालतो, तांदूळ नाही : कडक उन्हात पांढऱ्या तांदळाला तडे जातात आणि शिजवताना कणी होते. शंका असेल तर पिशवी बांधून डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, किडीची अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, नाहीतर दाण्यांवर दमट हवा बसते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. बोरिक पावडर लावलेला तांदूळ या डब्यात अजिबात नको. घरी आपण तो चार पाण्यांनी धुतो, पण मंडळीतर्फे हा तांदूळ ज्या वसतिगृहाला जातो तिथल्या आचाऱ्याला ते कोण सांगणार?

आता तक्ता. बाजारात छापील तक्ते मिळतात त्यात सकाळ, दुपार, रात्र अशा चौकटी असतात. त्या आपल्या घराला जमत नाहीत. आमच्या तक्त्याला चारच रकाने : वार, भाताच्या वाट्या, सोबत काय, उरलं तर कुठे. चौथा रकाना भरला नाही तर बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. सोमवारी वरण-भात दीड वाटी, उरला तर मंगळवारी सकाळी डब्याला फोडणीचा भात. मंगळवारी रात्री भाकरी-पिठलं, भात नाही. बुधवारी मुगाच्या डाळीची खिचडी : एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, मूठ फक्त तांदळातून. गुरुवारी आमटी-भात. शुक्रवारी मासे मिळाले तर भात दोन वाट्या, कारण कालवणाबरोबर पोळी कुणी मागत नाही. शनिवारी थालीपीठ किंवा आंबोळी, आठवडाभराचं उरलंसुरलं तिथे जिरतं. रविवारी रस्सा, दोन वाट्या. रात्रीचा भात उरवायचाच असेल तर जेवण झाल्या झाल्या पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये. पावसाळ्यात तो रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी घालणं म्हणजे पोटदुखीला आमंत्रण, परतल्यानं सगळंच दूर होत नाही.

मिझो घरात दोन्ही वेळा भात, म्हणून मूठ तिथे सहज बसते. देशावरच्या भाकरी-पोळीच्या घरात ती तशीच्या तशी उचलता येत नाही. काही घरांनी रोज मूठभर पीठ काढायला सुरुवात केली आणि तिथेच फसली. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं, गव्हाच्या पिठाला उन्हाळ्यात जाळी. धान्य द्यायचं ते दळणाला जाण्याआधी. पाच किलोच्या दळणातून दोन ओंजळी, म्हणजे पाव किलोच्या आसपास. गहू एका पिशवीत, ज्वारी दुसऱ्या. गव्हाला एरंडेल लावलेलं असेल तर पिशवीवर तसं लिहा. डाळीचा प्रयोग दोन महिने करून सोडून दिला. प्रत्येक घरची तूरडाळ वेगळी, एक वीस मिनिटांत शिजते आणि दुसरी कुकरच्या पाच शिट्ट्यांनंतरही दातात येते. डाळीऐवजी पैसे द्यावेत.

तांदळाचंही तेच दुखणं आहे, फक्त ते उशिरा लक्षात येतं. मंडळीतली बावीस घरं मिळून महिन्याला जेमतेम बावीस किलो जमतं. त्यात कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, उकडा, कुणाचा नवा आणि कुणाचा तीन वर्षांचा जुना. हे एकत्र करून वसतिगृहात पाठवलं की मोठ्या टोपात निम्मा भात चिकट आणि निम्मा कच्चा. एका वसतिगृहानं सौजन्यानं तांदूळ ठेवून घेतला आणि पुढच्या वेळी पैसे पाठवाल का, असं विचारलं. त्यांचं बरोबरच होतं. चाळीस मुलांना जेवणाला शंभर-शंभर ग्रॅम धरले तर एका वेळेला चार किलो लागतात. बावीस किलोत साडेपाच वेळा भागतं, पण तो शिजायला एकसारखा हवा.

तेव्हापासून महिला मंडळानं संकलनाच्या दिवशी तीन पोती मांडायला सुरुवात केली. एकात फक्त कोलम, ते थेट वसतिगृहाला. दुसऱ्यात उकडा. तिसऱ्यात बाकी सगळं, ते उपासनेनंतर मंडळीतच विकायचं, इडली-आंबोळी-घावनाला ते झकास चालतं. दुकानाच्या भावापेक्षा पाच रुपये कमी लावले की दुपारपर्यंत पोतं रिकामं. कापणीच्या सणाला हेच पोतं लिलावात ठेवलं तर दुकानापेक्षा जास्त मिळतात, लोक तेव्हा भाव बघत नाहीत. वजनाला ताणकाटा नको, तो लहान वजनाला शंभर-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा बरा. वहीत घराचा क्रमांक, प्रकार आणि वजन, नाव नाही. नाव लिहिलं की तुलना सुरू होते आणि कमी देणारी घरं यायची थांबतात.

झाकणावरच्या कागदाबद्दल शंका होती, पण तो चांगला निघाला. प्रत्येक वाराला एक ठिकाण : सोमवारी केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, मंगळवारी जामखेडचं आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये उभं केलेलं ग्रामीण आरोग्याचं काम, बुधवारी मिझोराम, पुढे मंडळीनं ठरवलेली नावं. मूठ टाकताना त्या ठिकाणासाठी एक वाक्य प्रार्थना, बस. मुलं हे मोठ्यांपेक्षा नेमानं करतात. कागदावर चिकटपट्टी पूर्ण चढवा, नाहीतर महिन्याभरात शाई पसरते.

पैशाच्या बाजूचं थोडक्यात. धान्य किंवा वस्तू दिल्यावर देणगीवरची आयकर सूट (१९६१ च्या कायद्यातलं ८०जी) मिळत नाही, रोख दोन हजारांवर दिली तरी मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर हा विषयच संपला. परदेशातल्या नातेवाइकाला या कामात पैसे घालायचे असतील तर त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललेलं असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी ठरतात, आणि ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. असे पैसे आपल्या खात्यात घेऊन पुढे वळवण्याचा उपद्व्याप करू नये.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, एक बदल करून बघणार आहोत. शुक्रवारच्या मटण-माशाचे वाचलेले पैसे पाकिटात घालायचे, पण पाकीट डब्यात नको : नोटा आणि नाणी कुठून कुठून आलेली असतात, खाण्याच्या तांदळात त्यांचं काम नाही. ते फ्रीजच्या दारावर, तक्त्याखाली चुंबकानं लावायचं.