लंग पॅकेजचा अनुभव: २ स्टार, तेही रक्त न्यायला आलेल्या पोराला

आमचे बाबा सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या चाळणीवर वीसेक वर्षं होते, आता खोकला काही जात नाही आणि घाटी चढताना दम लागतो. विचारलं तर "माका काय एक झालेला नाय, पंख्याखाली निजलंय म्हणान खोकलो इलो". म्हणून गणपतीआधी एका लॅबचं घरी येऊन रक्त नेतात ते लंग पॅकेज बुक केलं, नाव घेत नाही.

पोरगा एकदम भारी हा, भर पावसात सकाळी साडेसहाला बाईकवरून हजर, एका टोचण्यात शीर, चहापण नको म्हणाला कारण पुढे अजून चार घरं होती. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर.

पण रिपोर्टमध्ये काय तर सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ईएसआर आणि सीआरपी म्हणजे अंगात कुठे सूज आहे का ते बघायच्या टेस्ट, व्हिटॅमिन डी आणि थायरॉईड!! थायरॉईडचं फुफ्फुसात काय काम? ईएसआर जरासा वर, बाकी सगळं हिरवं, खाली 'लंग्ज नॉर्मल'. बाबा खूश, खरं सांगायचं तर मीपण.

दम काही कमी होईना म्हणून शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "काम काय करायचात?" एक्स-रेत वरच्या बाजूला बारीक ठिपके दिसले, मग फुंकायची टेस्ट, टीबी नाही ना म्हणून थुंकी, आणि निघाला सिलिकोसिस. डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं, सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की आपल्या पेशी ती गिळतात पण पचवू शकत नाहीत, फुटतात, आणि तिथे वण धरत जातो, तो परत भरून येत नाही. रक्तात फरक पडतो हे खरं, अमिनो ॲसिड, चरबीचे घटक वरखाली होतात, त्यावर संशोधनपण चालू आहे, अहमदाबादच्या एनआयओएचने, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, सीसी-१६ नावाच्या प्रोटीनवर काम केलंय, ते धुळीत काम करणाऱ्यांच्या रक्तात कमी होतं. पण असे फरक बिडीने, टीबीनेपण पडतात, त्यामुळे नुसत्या रक्तावरून सिलिकोसिस आहे की नाही हे कोणी सांगत नाही, आणि या पॅकेजात तर त्यातलं एकपण नव्हतं.

कस्टमर केअरला फोन केला तर हार्ट पॅकेजवर डिस्काउंट देते म्हणाली. म्हटलं ते राहूदे, फॉर्मवर कामधंद्याचा एक रकाना तरी टाका. "नोट करते सर."