‘ब्लॉक गेला’ असे सांगून माथी मारलेले इंजिन

जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे काम करून घ्यावे की दुसरे इंजिन बसवावे, हा प्रश्न गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या वाळवा तालुक्यात अनेकांपुढे उभा राहतो. कारखाना सुरू झाल्यावर ट्रॅक्टर दारात उभा ठेवणे कोणालाच परवडत नाही आणि या घाईवरच काही गॅरेजवाल्यांचा धंदा चालतो. आमची फसवणूक ज्या पद्धतीने झाली ती पद्धत ठरलेली असून तिला बळी पडलेले आणखी शेतकरी मला नंतर भेटले, म्हणून ती तपशिलाने सांगतो आहे.

आमचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, वेट लायनरच्या इंजिनाचा, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो ती नळी (लायनर) सुटी आणि बाहेरून पाण्याने वेढलेली असते. सकाळी तो उशिरा सुरू होऊ लागला, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येऊ लागला, इंजिन ऑइल खाऊ लागले आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या चढाला ओढताना दम सोडू लागला. ही लक्षणे साधारणपणे रिंगा, पिस्टन आणि लायनर झिजल्याची असतात. वेट लायनर झिजला की तो ओढून काढून नवा बसवता येतो, कारण इंजिनाची रचनाच तशी केलेली असते. गावातल्या मिस्त्रींनीही लायनर-पिस्टनचा सेट, हेडचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) काम आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) मोजून लागेल ते बेअरिंग, एवढेच सांगितले होते. त्यांच्याकडे कामाची रांग असल्यामुळे इंजिन शहरालगतच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये दिले.

तिथे इंजिन खोलल्यावर मालकाने आम्हाला बोलावून दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या) डाव्या अंगाला, पाणी खेळणाऱ्या पोकळीच्या भिंतीवर (जॅकेटवर), केसाएवढी काळी रेघ. दुसरी म्हणजे बिग एंडच्या (पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या टोकाच्या) बेअरिंगचे दोन तुकडे, ज्यांच्या पाठीवर १.०० असा आकडा होता. क्रँक घासून लहान केला की त्याच्या मापाचे जाड बेअरिंग लागते आणि ते ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळते. त्यामुळे ‘क्रँक शेवटच्या मापावर आला आहे, आता घासायला जागा नाही, ब्लॉकही तडकला आहे, यात पैसे घालणे म्हणजे पाण्यात टाकणे’ हे त्याचे म्हणणे, समोर आकडा दिसत असल्यामुळे, कोणालाही पटण्यासारखे होते. त्याच्याकडे त्याच मॉडेलचे ‘कंपनीच्या मापात बांधलेले’ इंजिन तयार होते. कामाचा अंदाज पासष्ट हजारांचा होता. हे इंजिन त्याने एक लाख दहा हजारांना देऊ केले आणि आमचे जुने इंजिन भंगाराच्या भावाने वळते करून घेतले.

बसवलेले इंजिन पहिले काही आठवडे उत्तम चालले, धूर नाही की आवाज नाही. हंगामाच्या मध्यावर मात्र इंजिन तापले की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसू लागला आणि खालून ठक ठक आवाज सुरू झाला. आम्ही ते कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेले. त्यांनी चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवण्याआधीच ऑइल बोटांत धरून चोळले आणि यात गिअर ऑइल मिसळले आहे, असे सांगितले. घट्ट ऑइलामुळे झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर काही काळ दबतो. बेअरिंग काढल्यावर त्यांच्या पाठीवर पंचने ठोकून उठवलेले खड्डे दिसले आणि एका ठिकाणी पत्र्याची पातळ पट्टी घातलेली सापडली. ढिले बेअरिंग घट्ट वाटावे म्हणून केलेली ही करामत होती. लायनर जुनेच होते, फक्त आतून होनिंग करून (दगडाने घासून) चकचकीत केलेले. नवा होता तो रंग, आणि रंगाखाली इंजिन नंबरची जागा ग्राइंडरने घासून त्यावर वेडेवाकडे आकडे ठोकलेले होते.

याहून मोठा धक्का पुढे होता. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने त्याच गॅरेजमधून, त्याच सुमारास, ‘चालू कंडिशनचे’ इंजिन घेतल्याचे कळले. आम्ही आमचे आरसी बुक घेऊन त्याच्याकडे गेलो आणि त्याच्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर आमच्या आरसीतला इंजिन नंबर अंकाला अंक जुळला. त्या भल्या माणसाने आमच्यासमोर चेंबर उतरवू दिले. बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ हा आकडा होता, म्हणजे क्रँक एकदाच घासलेला होता आणि त्यात आणखी तीन मापांची जागा शिल्लक होती. आम्हाला दाखवलेले तुकडे दुसऱ्याच कोणत्या तरी इंजिनाचे होते. डाव्या अंगाचा रंग खरवडून त्या जागी रॉकेल लावले, पुसून कोरडे केले आणि वर खडूची पूड चोळली. तडा असता तर आत मुरलेले रॉकेल झिरपून पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली असती. काहीही उमटले नाही. भंगार म्हणून घेतलेल्या आमच्या इंजिनात गॅरेजवाल्याने फक्त नवा लायनर-पिस्टन सेट घातला होता, जे काम आम्ही त्याला सांगितले होते.

दुसरे इंजिन घ्यावेच लागते अशा वेळा असतात, पण त्या थोड्या. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, मेन बेअरिंगच्या बैठकीला तडा गेला असेल, किंवा क्रँक मोडला आणि ब्लॉकचा लाइन बोअरही (क्रँक बसण्याच्या भोकांची सरळ रांग) बिघडला असेल, तर डागडुजी करण्यात अर्थ नसतो. एरवी ‘इंजिन गेले’ हा निकाल त्या माणसाकडून घेऊ नये ज्याच्याकडे विकायला दुसरे इंजिन तयार आहे. क्रँक आणि ब्लॉक आपण स्वतः उचलून दुसऱ्या ग्राइंडिंगवाल्याकडे न्यावेत, प्रत्येक जर्नलचे (क्रँकच्या बेअरिंग बसणाऱ्या भागाचे) माप मायक्रोमीटरने घेऊन कागदावर लिहून मागावे, हेड आणि ब्लॉकची पाण्याच्या दाबाची चाचणी समोर उभे राहून करून घ्यावी. या मोजमापाचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. निघालेले जुने सुटे भाग, बेअरिंगसुद्धा, घरी आणावेत. गॅरेजवाला जुने इंजिन ठेवून घेण्याचा आग्रह धरत असेल, तर त्या आग्रहाचे कारण शोधावे.

कागदपत्रांची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इंजिन बदलले की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यावी लागते. ठोकलेल्या नंबरच्या इंजिनाची अशी नोंद होऊ शकत नाही, आणि ते चोरीच्या ट्रॅक्टरचे निघाले तर पोलिसांच्या प्रश्नांना ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याला तोंड द्यावे लागते. म्हणून पैसे देण्याआधी इंजिन नंबर हाताने चाचपून पाहावा आणि तो पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. आम्हाला मिळालेल्या बिलावर नंबर नव्हता, परंतु पैसे बँकेतून दिलेले असल्यामुळे व्यवहार नाकारणे त्याला शक्य झाले नाही.

आम्ही पोलिसांत फिर्याद दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारही दाखल केली आहे. अशी तक्रार करण्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी माहिती घेता येते. ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला वापरला जातो, म्हणून तक्रारदार ‘ग्राहक’च नाही, असा बचाव गॅरेजवाल्याने घेतला आहे. मात्र केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून केलेला वापर कायद्याने व्यापारी हेतूतून वगळलेला आहे, आणि ट्रॅक्टर मी स्वतः चालवतो याचे कारखान्याचे वाहतूक करारपत्र आम्ही आयोगापुढे ठेवले आहे. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी मापांचा लेखी अहवाल दिला, पंच ठोकलेली बेअरिंगे आणि पत्र्याची पट्टी पाकिटात बंद करून सोबत जोडली, आणि शेजारच्या गावच्या त्या शेतकऱ्याने शपथपत्र करून दिले आहे.