वाचनगटासाठी पुस्तकं निवडायची तर दादरचं आयडियल

भांडुपला आमच्या सोसायटीत वाचनगट चालतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडून दहा-बारा जण बसतो. कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली मुलगी आहे, तसे सत्तरी ओलांडलेले तळमजल्यावरचे काकाही आहेत. पुस्तक ठरवणं आणि सगळ्यांसाठी प्रती आणणं हे काम माझ्याकडे आहे. ते मी दादरच्या आयडियल पुस्तक त्रिवेणी या पुस्तकांच्या दुकानात जाऊन करते, आणि ज्यांना असा गट सुरू करायचाय त्यांना मी आधी तिथेच जायला सांगेन.

दादर स्टेशनवरून पश्चिमेला उतरलात की छबिलदास शाळेची गल्ली विचारा, कोणीही दाखवेल. याच शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकं व्हायची. आमचे काका तेव्हा ती बघायला यायचे, त्यामुळे त्यांना सोबत नेलं की दुकानात शिरायलाच अर्धा तास लागतो. गल्लीत फेरीवाले, भाजी, फुलांच्या पाट्या, सगळं आहे. शनिवार-रविवार संध्याकाळ टाळा. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी उशिरा गेलात तर निवांत उभं राहून पुस्तक चाळता येतं.

हे उभं राहून चाळणंच मला महत्त्वाचं वाटतं. स्वतःसाठी पुस्तक घेताना लेखकाचं नाव पुरतं. गटासाठी घेताना वेगळंच बघावं लागतं. मी पहिलं पान वाचतच नाही, ते लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं. मधलंच एखादं पान उघडते आणि ओठातल्या ओठात पुटपुटत वाचते, कारण आमच्याकडे दर वेळी कोणीतरी दोन पानं मोठ्याने वाचतं. वाक्य जिभेवर अडखळलं तर ते पुस्तक एकट्याने वाचायला कितीही चांगलं असो, आमच्या खोलीत पडतं. मग टाइप बघते. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बारीक अक्षर आणि पातळ कागदावर मागची छपाई उमटलेली असली की ते दहा पानांत पुस्तक मिटतात. फोनवर मुखपृष्ठाचा फोटो बघून यातलं काहीच कळत नाही.

मध्यंतरी घाई होती म्हणून एका ऑनलाइन दुकानातून दहा प्रती मागवल्या. आल्या वेळेवर, पण सहा एका आवृत्तीच्या आणि चार जुन्या आवृत्तीच्या. पानांचे आकडे जुळेनात. "एकशे बारावर बघा" म्हटलं की निम्मे लोक भलत्याच प्रसंगात. ती बैठक पानं शोधण्यातच गेली. आयडियलमध्ये मी आधीच सांगते, सगळ्या प्रती एकाच आवृत्तीच्या हव्यात. काउंटरवरचे गृहस्थ एकेक प्रत उघडून आवृत्तीचं पान बघतात आणि मगच गठ्ठा बांधतात. एवढ्या प्रती एकदम घेतल्या म्हणून सवलतही दिली.

पुस्तक सुचवण्यातही तिथे समज दिसते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी नुसतं म्हटलं, "गटात वाचायला काहीतरी द्या." त्यावर प्रश्न आला, "ताई, तुमच्याकडे वादावादी चालते का?" चालते म्हटल्यावर त्यांनी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' हातात ठेवली. ही कादंबरी १९३९ सालची, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षीची. युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा व परत येणारा चक्रधर. आकाराने एवढीशी, की नोकरी करणाऱ्यांनीसुद्धा ती लोकलमध्ये येता-जाता संपवली. जहाज मुंबईला लागल्यावर चक्रधर जे करतो त्यावर आमच्याकडे असा वाद पेटला की रात्री नऊला वॉचमनने दार वाजवलं. काकांनी त्याला सरळ भेकड ठरवलं. तरुण मुलगी म्हणाली, तो भेकड नाही, तो आधीच मोडलेला आहे, त्याच्याकडे द्यायला काही उरलेलंच नाही. निवृत्त हेडबाई तोवर गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "हॅर्टाला काय हवं होतं, हे तुमच्यापैकी कोणी विचारलंत का?" खोली शांत झाली. मला गटाकडून हेच हवं असतं. घरी एकटीने वाचताना तो प्रश्न मला कधीच पडला नसता.

उर्मिला पवारांचं 'आयदान' मात्र मी स्वतः ठरवून नेलं. २००३ साली ग्रंथालीने काढलेलं हे आत्मकथन. रत्नागिरीकडचं बालपण, बांबूची सुपं-टोपल्या विणून घर चालवणारी आई, पुढे लग्न, मुंबई, नोकरी सांभाळून घेतलेलं शिक्षण. आमच्या गटात निम्म्याहून जास्त कोकणातल्या. पाऊस, मासळी, गावची बोली ओळखून त्या पहिल्या पन्नास पानांत खूश होत्या. मग जातीची पानं आली. कोणाच्या ओटीवर चढायचं नाही, कोणी वस्तू कशी वरून टाकायची, हे सगळं आलं. एक जण, नेहमी भरभरून बोलणारी, बराच वेळ पुस्तक मांडीवर उलटं धरून बसली होती. म्हणाली, "हे आमच्या अंगणातलं आहे. आतल्या बाजूला मी होते." त्यानंतरची चर्चा मी इथे लिहिणार नाही, ती त्या खोलीतल्यांची आहे. पण अनेक वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसांना असं बोलायला लावणारं पुस्तक निवडता आलं याचं मला फार समाधान आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एकीला देवनागरी भरभर वाचता येत नाही. तिने माया पंडितांचा इंग्रजी अनुवाद वाचला आणि ती मागे पडली नाही. निवडताना अनुवाद मिळतो का हेही विचारून घ्या.

नंदा खरे यांची 'उद्या' आमच्याकडे चालली नाही. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला, म्हणून सगळ्यांना उत्सुकता होती. पुस्तक मोलाचं आहे, मी दोनदा वाचलं, पण महिनाभरात निम्म्यांचं वाचून झालं नाही. अशा पुस्तकाला दोन महिने द्यावेत.

खरी अडचण वेगळीच आहे. चांगल्या पुस्तकाचं नाव घ्यावं आणि "आवृत्ती संपली" ऐकावं, हे मराठीत वारंवार होतं. दुकानाचा त्यात दोष नाही. प्रकाशक पुन्हा छापेपर्यंत कोणीच काही करू शकत नाही. म्हणून मी दर वेळी तीन नावं घेऊन जाते. दहा प्रती कशाच्या मिळतील ते तिथे फोन करून सांगतात, आणि जे मिळतं त्यातून निवड होते. प्रतीही पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, ऐन वेळी एवढा गठ्ठा कुठल्याच दुकानात तयार नसतो.

पुढच्या महिन्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग सांगून आलेय. सगळे भाग एकदम घेतले तर पुस्तक मोठं होतं, पहिला भाग मात्र महिन्यात आरामात होतो, आणि मोठ्याने वाचायला त्याच्याइतकं गोड गद्य मला दुसरं माहीत नाही. वाचनाची पाळी काकांची आहे, म्हणून टाइप मोठा असलेली आवृत्ती बघून ठेवायला सांगितलंय. गुरुवारी प्रती आणायला जाईन.