तोरणमाळचे हंगामपूर्व माउंटन बाइक शिबिर: एका पालकाचे परीक्षण

आमच्या भागातील 12 ते 17 वयोगटाच्या माउंटन बाइक संघाचे हंगामपूर्व शिबिर यंदा दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळ येथे झाले. माझी मुलगी या संघात आहे आणि मदतनीस पालक म्हणून मी बहुतेक वेळ तेथेच असल्यामुळे मैदानावर, मुक्कामी आणि स्वयंपाकघरात काय चालले होते, ते मला जवळून पाहता आले. हिवाळ्यातील स्पर्धांपूर्वी मुलांकडून केवळ किलोमीटर काढून घेणारी शिबिरे सगळीकडे होतात. या शिबिराने मात्र वेगाच्या आधी सायकलवरचा ताबा शिकवला आणि माझ्या मते त्याचे खरे मोल त्यातच आहे.

सुरुवातीचा जवळजवळ सगळा वेळ सपाट माळावर गेला. फक्कीने एक रेघ आखून मुलांना त्या रेघेपासून आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा आणि शेवटी दोन्ही ब्रेक लावून थांबायला सांगितले गेले आणि प्रत्येक वेळचे अंतर टेपने मोजून वहीत लिहिले गेले. गावात साधी सायकल चालवून मोठ्या झालेल्या आपल्या मुलांच्या मनात पुढच्या ब्रेकची भीती पक्की बसलेली असते. परंतु थांबताना वजन पुढच्या चाकाकडे सरकते, त्यामुळे थांबवण्याची अधिक ताकदही त्याच चाकात असते, हे त्यांना व्याख्यानातून नव्हे तर वहीतल्या आकड्यांतून पटले. उताराची बैठकही इतक्याच बारकाईने घेतली गेली. दोन्ही पॅडल समपातळीत, टाचा किंचित खाली, कंबर सीटवरून उचललेली, कोपरे बाहेर, ब्रेकवर केवळ तर्जनी आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वाटेवर दूरवर, ही बैठक अंगवळणी पडल्याशिवाय कोणालाही दगडांच्या उतारावर सोडले नाही. वळणावर ब्रेक वळणापूर्वी लावायचा आणि बाहेरच्या बाजूचे पॅडल खाली ठेवून त्यावर भार द्यायचा, हे बुजणाऱ्या मुलांना प्रशिक्षक अहिराणीत समजावत आणि मुले लगेच मोकळी होत. प्रशिक्षकांचा हा धीर मला फार मोलाचा वाटला.

जागेची निवडही योग्य होती. शहादा, राणीपूर या बाजूने सातपायरी घाट चढून वर आले की हजार मीटरहून अधिक उंचीवरचे पठार लागते. दिवाळीनंतर तेथील सकाळ चांगलीच गार असते आणि खाली काळ्या मातीत चाके रुतत असतानाही वरच्या मुरमाड, दगडी वाटा सरावाला तयार असतात. यशवंत तलावाच्या परिसरात लहान चढ, वळणे आणि पावसाच्या पाण्याने कापलेल्या चरी जवळजवळ असल्यामुळे एकच फेरी पुन्हा पुन्हा करता येते. ऑलिम्पिकमध्ये 1996 पासून असलेल्या क्रॉस-कंट्री प्रकाराचे स्वरूपही असेच फेऱ्यांचे असते. सीताखाईच्या कड्याकडे सायकली नेण्यास आयोजकांनी सक्त मनाई केली होती. रहदारीच्या घाटरस्त्यावरून मुलांना सायकलने खाली न सोडता सायकली पिकअपमधून उतरवल्या, हा निर्णयही मला पूर्ण पटला. मोठ्या मुलांची नाराजी झाली, तरी लांब उतारावर सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापून त्याची पकड कमी होते आणि समोरून एसटी येत असते.

या वाटा मुळात पावरा आणि भिल्ल वस्त्यांतील लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. डोक्यावर मोळी घेतलेले माणूस किंवा गुरे समोर आली की सायकलवरून उतरून बाजूला उभे राहायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला आणि शेवटपर्यंत कसोशीने पाळला गेला.

दमसासाचा सराव साधा होता. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने लांब फेऱ्या आणि अधूनमधून छोटे जोरकस चढ, एवढेच ठेवले होते. वाढत्या वयातल्या मुलांसाठी मला ते पुरेसे वाटते.

सायकलतपासणीवर मात्र पालकांनी विशेष लक्ष द्यावे असे बरेच काही होते. कितीतरी मुलांची सीट वर्षापूर्वी लावलेल्या उंचीवरच होती. उंची वाढलेल्या मुलाची सीट खाली राहिली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, आणि दोन मुलींच्या गुडघेदुखीचे कारण तपासणीत हेच निघाले. टायरमध्ये हवा ठासून भरण्याची आपली सवयही तेथे मोडली. ट्यूबलेस टायर असलेल्या हलक्या अंगाच्या मुलाला 20 पीएसआयच्या आसपास हवा पुरते आणि त्यामुळे दगडांवर चाक उसळत नाही. खान्देशात बाभळीचे काटे टाळता येत नाहीत, म्हणून टायरमध्ये सीलंट, म्हणजे काट्याचे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरण्याचा खर्च मी अनावश्यक मानत नाही.

जेवणाबद्दल मनापासून कौतुक करावे लागेल. कळण्याची भाकरी, भरीत, वरण-बट्टी, दूध आणि सरावाच्या वेळी खिशात केळी व भाजलेले शेंगदाणे, असा बेत होता. या पार्श्वभूमीवर एका संध्याकाळी प्रथिनांची पावडर विकणाऱ्या एका विक्रेत्याला मुलांसमोर बोलू दिले, ही या शिबिरातील मला सर्वात खटकलेली गोष्ट आहे. डाळ, दूध आणि शेंगदाणे पोटभर खाणाऱ्या निरोगी मुलाला त्या डब्याची गरज नसते आणि तेराव्या वर्षी विकत घेतलेल्या ताकदीची कल्पना मुलाच्या डोक्यात घालणे अयोग्य आहे. पुढच्या वर्षी आयोजकांनी ही वेळ आहारतज्ज्ञाला द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी उणीव सुट्या भागांची. गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या हँगरवर बसतो, तो सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो किंवा तुटतो, आणि तो प्रत्येक मॉडेलला वेगळा लागतो. एका मुलाचा हँगर तुटला आणि त्याला उरलेले शिबिर बहुतेक बघ्याच्या भूमिकेत काढावे लागले, कारण हा भाग तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. सूचनापत्रात केवळ ‘सायकल सुस्थितीत आणावी’ असे न लिहिता, स्वतःच्या सायकलचा जादा हँगर, दोन ट्यूब आणि ब्रेक पॅडची एक जोडी आणावी, असे स्पष्ट लिहिले पाहिजे. मुलींसाठी स्वतंत्र खोली आणि मुक्कामी एक ताई होत्या, परंतु वाटेवर सोबत मात्र केवळ पुरुष प्रशिक्षक होते. मुलींची संख्या वाढायची असेल तर ही व्यवस्था बदलावी लागेल.

शुल्क कमी नाही, तरी मोजक्या मुलांमागे एक प्रशिक्षक असल्यामुळे ते मला वाजवी वाटले. ज्या मुलाने डांबरी रस्त्याबाहेर कधीच सायकल चालवलेली नाही, त्याला मात्र थेट येथे पाठवू नये; धुळ्याजवळच्या लळिंग परिसरातील कच्च्या वाटांवर किंवा आपल्याच शिवारातील गाडवाटेवर काही महिने सराव करून मगच त्याचे नाव नोंदवावे, आणि नोंदणीपूर्वी सीटची उंची जाणकाराकडून नव्याने लावून घ्यावी.