सिस्टिम लायब्ररी की सोबत आलेली? जेंटूवर काही महिने वापरल्यावर

जेंटू म्हणजे बहुतेक प्रोग्राम सोर्समधून आपल्याच मशीनवर बिल्ड करणारं लिनक्स. फायरफॉक्स ब्राउझर स्वतः कंपाइल करायला घेतलं की तिथे यूज फ्लॅगांची (बिल्डच्या वेळी निवडायच्या पर्यायांची) रांगच समोर येते: सिस्टिम-आयसीयू, सिस्टिम-हार्फबझ, सिस्टिम-जेपेग, सिस्टिम-वेबपी, सिस्टिम-पीएनजी, सिस्टिम-लिबव्हीपीएक्स. फ्लॅग चालू असेल तर मशीनवर आधीपासून असलेली लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी वाटून वापरायचा तयार कोड) वापरली जाते, बंद असेल तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सोर्ससोबतच दिलेली. काही महिने सगळे फ्लॅग चालू ठेवून पाहिले, मग त्रासदायक वाटले ते बंद करत गेलो. 'सगळं सिस्टिमचंच हवं' हा हट्ट मला आता पटत नाही. कोणती लायब्ररी कशी वागते ते बघून ठरवावं, आणि ते बऱ्याचदा सोनेमच्या, म्हणजे लायब्ररीच्या फाइलच्या नावाशेवटच्या, आकड्यावरूनच कळतं: तो बदलला की तिला जोडलेले प्रोग्राम पुन्हा बिल्ड करावे लागतात.

पडद्यावर अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझच घ्या. लिबहार्फबझ.एसओ.0 मधला शून्य वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिबचा 1 सुद्धा तसाच. अशा लायब्ऱ्या डोळे मिटून सिस्टिमच्या घ्याव्यात. अपडेट येतात, जातात, ब्राउझरला पत्ताही लागत नाही. मराठीतला 'कऱ्हाड' किंवा 'दऱ्या' यातला अर्धा र नीट दिसण्यामागे हार्फबझ असतं, म्हणून फ्लॅग चालू-बंद करून मुद्दाम तुलना केली. मला तरी काडीचा फरक दिसला नाही.

वेगवेगळ्या भाषा-लिप्यांचे नियम सांभाळणाऱ्या आयसीयूची गोष्ट वेगळी. वर्षातून साधारण दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि प्रत्येक वेळी सोनेम बदलतो. 74 ची 75 झाली की लिबआयसीयूयूसी.एसओ.74 शी जोडलेलं सगळं पुन्हा बिल्ड करायचं. इमर्जची (जेंटूत पॅकेजं बिल्ड करणाऱ्या कमांडची) यादी येते तेव्हा त्यात फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि वेबकिट-जीटीके (वेबपानं दाखवणारं इंजिन) हातात हात घालून उभे असतात. तिन्ही एकापेक्षा एक जड. लॅपटॉप रात्रभर घोंघावत राहतो आणि सकाळी उठून पाहावं तर लिबरऑफिस अजून चालूच. जेंटू मधल्या काळात जुनी लायब्ररी जपून ठेवतं, त्यामुळे काही मोडत नाही हे खरं. पण ब्राउझरच्या कोडमध्ये अक्षरही बदललेलं नसताना तो पुन्हा कंपाइल करायचा? फायरफॉक्सपुरता हा फ्लॅग मी बंद केला. व्हिडिओसाठीच्या लिबव्हीपीएक्सचाही सोनेम अधूनमधून बदलतो, तोही त्याच वाटेने गेला.

पीएनजीची भानगड आणखी निराळी. फायरफॉक्सला हलत्या पीएनजीसाठी एपीएनजीचा पॅच लावलेली लिबपीएनजी लागते, म्हणजे एका ब्राउझरसाठी अख्ख्या सिस्टिमची लायब्ररी पॅच करायची. नको. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या बाबतीत तर मोझिलाने सिस्टिमची वापरण्याची सोयच काढून टाकली आहे.

मग सगळंच सोबतचं का नको? उत्तर वेबपी. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपीत सुरक्षेचं एक गंभीर छिद्र सापडलं (नोंदणी क्रमांक सीव्हीई-2023-4863): मुद्दाम बिघडवून तयार केलेलं चित्र डिकोड होताना बफरबाहेर (त्यासाठी राखलेल्या मेमरीबाहेर) लिहिलं जायचं. सिस्टिमची लायब्ररी वापरणाऱ्यांना 1.3.2 टाकून प्रोग्राम रीस्टार्ट केले की पुरे. ब्राउझर, गिंप, क्यूटी, सगळ्यांचं एका झटक्यात निभावलं. इलेक्ट्रॉनवर (क्रोमियम ब्राउझर सोबत घेऊन येणाऱ्या चौकटीवर) बांधलेल्या ॲपांमध्ये मात्र प्रत्येकाच्या पोटात वेगळी प्रत, त्यामुळे ज्याचा त्याचा अपडेट येईपर्यंत थांबणं आलं. मोझिला स्वतः चपळ आहे, त्यांनी लगेच दुरुस्ती दिली. पण वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या प्रोजेक्टमधल्या सोबतच्या प्रतीवर माझा काडीचाही विश्वास नाही. तिथे बिल्ड नाटकं करत असेल तरी मी सिस्टिमचीच जोडतो.

सिस्टिमची एकच प्रत सगळ्यांनी वापरली की मेमरी वाचते हा मुद्दा लोक फार ताणतात. रोजच्या वापरात मला तो जाणवला नाही.

एक काम मात्र न चुकता करतो. फ्लॅग चालू केला म्हणजे लायब्ररी जोडली गेलीच असं धरून चालत नाही. अनेक प्रोजेक्टांची बिल्ड सिस्टिम लायब्ररी सापडली नाही की गुपचूप सोबतची वापरते आणि शेवटी सगळं छान झाल्याचं सांगते. म्हणून बिल्डनंतर तयार फाइल तपासणाऱ्या रीडएल्फ कमांडने 'नीडेड'च्या (कोणत्या बाहेरच्या लायब्ऱ्या लागतात त्या) ओळी बघतो. सध्या माझ्याकडे फायरफॉक्सला हार्फबझ, जेपेग, वेबपी सिस्टिमचे. आयसीयू, पीएनजी, लिबव्हीपीएक्स सोबतचे. लिबरऑफिस आयसीयूसाठी अजूनही पुन्हा बिल्ड होतं, पण त्याच्या जोडीला फायरफॉक्स नसतो.